मोठ्या बांधकाम प्रस्तावाच्या मंजुरीला खरोखर किती दिवस लागतात, हे नाशिकमध्ये कसे मोजावे

नाशिकमध्ये एखाद्या जुन्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा बसली की पहिला प्रश्न जागा किती वाढवून मिळणार हा असतो आणि दुसरा प्रश्न परवानगी कधी मिळणार हा. दुसऱ्याचे उत्तर बहुधा ‘कायद्याने 60 दिवस’ असे मिळते. हे उत्तर खोटे नाही, परंतु त्यावर विसंबून घर रिकामे करण्याची तारीख ठरवणे धोक्याचे आहे. आमच्या सोसायटीच्या समितीने नेमके तेच केले होते आणि पर्यायी घराच्या भाड्याचे गणित त्या 60 दिवसांवर बांधले होते. ती चूक सर्वस्वी आमची होती, कारण ते 60 दिवस कशापासून मोजायचे आणि कितीदा मोजायचे, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नव्हते. त्यानंतर मी जे शिकलो ते पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या सोसायट्यांना आणि अभिन्यास म्हणजे ले-आउटच्या मंजुरीची वाट पाहणाऱ्या भूखंडधारकांना उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

60 दिवसांचा अर्थ

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 प्रमाणे विकास परवानगीचा अर्ज करायचा असतो आणि कलम 45 प्रमाणे नियोजन प्राधिकरणाने तो मंजूर करायचा, अटींसह मंजूर करायचा किंवा नामंजूर करायचा असतो. त्याच कलमाच्या पोटकलम 5 मध्ये 60 दिवसांची मुदत आहे. अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून 60 दिवस, किंवा प्राधिकरणाने काही माहिती मागवली असेल तर अर्जदाराचे उत्तर मिळाल्याच्या तारखेपासून 60 दिवस, यांपैकी जी तारीख नंतरची असेल ती धरायची. सगळी गोम या ‘नंतरची’ या शब्दात आहे. कार्यालयाने त्रुटी काढली आणि आपण ती पूर्ण करून दिली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. कायद्यात कामकाजाचे दिवस असे म्हटलेले नसल्याने हे दिवस सुट्या धरून मोजावेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका सोसायटीचा प्रस्ताव 3 जून 2024 रोजी सर्व कागदांसह दाखल झाला. 12 जुलैला पहिले त्रुटीपत्र निघाले, म्हणजे 39 दिवस गेले. वास्तुविशारदाने 5 ऑगस्टला उत्तर दिले, त्यात 24 दिवस गेले. दुसरे त्रुटीपत्र 9 सप्टेंबरला, 35 दिवसांनी आले, आणि त्याचे उत्तर 14 ऑक्टोबरला, पुन्हा 35 दिवसांनी गेले. शुल्क भरण्याचे मागणीपत्र 2 डिसेंबरला, 49 दिवसांनी निघाले. विकसकाने रक्कम 6 जानेवारी 2025 रोजी भरली, त्यात 35 दिवस गेले, आणि 20 जानेवारीला, आणखी 14 दिवसांनी, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी हातात पडली. सोसायटीच्या दृष्टीने 231 दिवस गेले. त्यांपैकी 137 दिवस फाइल कार्यालयात होती आणि 94 दिवस अर्जदाराकडे होती. आता कार्यालयाचा प्रत्येक टप्पा पाहा: 39, 35, 49 आणि 14. एकही टप्पा 60 च्या वर गेलेला नाही. म्हणजे 231 दिवस लागूनही कायद्यातील मुदत एकदाही ओलांडली गेली नाही.

याच उदाहरणातील 49 दिवसांचा टप्पा आणखी बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात दिवाळी होती आणि 20 नोव्हेंबरचे विधानसभेचे मतदानही होते. आचारसंहितेमुळे नेहमीची बांधकाम परवानगी थांबण्याचे कारण नसते, परंतु अभियंते आणि लिपिक निवडणुकीच्या कामाला जातात आणि टेबलावर फाइल उघडायला माणूस राहत नाही. 2027 चा सिंहस्थ जवळ येत असताना नाशिकमध्ये अंदाज बांधणाऱ्याने हाही विचार करावा, असे माझे मत आहे. जागेची पाहणी करणारे हात मर्यादित असतात.

म्हणून पहिले काम असे की, दिवस मोजताना तीन आकडे वेगळे ठेवावेत: एकूण दिवस, कार्यालयाकडील दिवस आणि अर्जदाराकडील दिवस. विकसक पहिला आकडा सांगून कार्यालयाला दोष देतो, कार्यालय तिसरा आकडा दाखवून वास्तुविशारदाला दोष देते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

अर्ज कोणाकडे आणि ‘मोठा’ कशाला म्हणायचे

महापालिका हद्दीत अर्ज नगररचना विभागाकडे जातो. हद्दीबाहेरच्या गावांसाठी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे चौकशी करावी. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एमआयडीसी हेच नियोजन प्राधिकरण आहे आणि देवळालीत छावणी परिषद आहे. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्राधिकरणे असू शकतात, त्यामुळे दुसऱ्या सोसायटीचा अनुभव विचारताना आधी त्यांचे प्राधिकरण विचारावे.

‘मोठा प्रस्ताव’ अशी एकच व्याख्या आपल्याकडे नाही. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे वगळता डिसेंबर 2020 पासून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, लहान बांधकामांना वेगळा मार्ग आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कमी जोखमीचे बांधकाम असेल तर नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पावती पुरते, आणि 150 ते 300 चौरस मीटरसाठी 10 दिवसांची मुदत ठेवलेली आहे. त्यापुढे मात्र प्रस्ताव पायरीपायरीने मोठा होत जातो. भूखंड 500 चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका 8 हून अधिक झाल्या की विक्रीआधी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. भूखंड 4,000 चौरस मीटर झाला की 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, आणि 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत 20 टक्के समावेशक, म्हणजे लहान व परवडणाऱ्या, घरांची अटही लागू होते. 2011 च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या 14.86 लाख होती, त्यामुळे ही अट येथे लागू आहे आणि मोठ्या अभिन्यासांत ती वेळ खाते. एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटर झाले की पर्यावरण मंजुरीचा स्वतंत्र प्रवास सुरू होतो.

एका सोसायटीने दुसरीशी तुलना करताना दोघीही याच पायऱ्यांपैकी एकाच पायरीवर आहेत ना, हे पाहिले पाहिजे. 900 चौरस मीटरवरच्या सोसायटीचे दिवस ऐकून 5,000 चौरस मीटरच्या सोसायटीने वेळापत्रक आखू नये.

घड्याळ सुरू होण्याआधीचा काळ

अर्ज बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीत भरला जातो. त्यात नकाशा ठरावीक पद्धतीने काढलेला नसेल तर तो तेथेच अडकतो, आणि तो काळ कार्यालयाच्या खात्यात पडत नाही. याहून मोठी अडचण जमिनीच्या कागदांची असते. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशावरील क्षेत्र जुळत नसेल, किंवा मंजूर जुन्या अभिन्यासातील रस्त्याची रुंदी जागेवर कमी भरत असेल, तर पहिले त्रुटीपत्र तेथूनच येणार हे धरून चालावे. झोन दाखला आणि भाग नकाशा घेऊन 2017 मध्ये मंजूर झालेल्या शहर विकास आराखड्यात आपल्या भूखंडावर आरक्षण किंवा रस्तारुंदी आहे का, हे विकसक नेमण्याआधीच पाहिलेले बरे. मोजणीचा अर्जही तेव्हाच करावा. ज्या सोसायट्या मोजणी विकसकाच्या हवाली करतात त्या पुढे किती दिवस गेले हेदेखील सांगू शकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

नाशिकची म्हणून काही खास कारणे आहेत आणि ती जागेवर अवलंबून असतात.

गोदावरी किंवा तिला मिळणाऱ्या नासर्डी, वाघाडी, वालदेवी या प्रवाहांजवळ भूखंड असेल तर पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरलेली असते. नदीपात्र ते निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध असतो. निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम अटींवर होते आणि जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीहून वर ठेवावी लागते. सप्टेंबर 2008 चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना या रेषांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. भूखंडाचा एखादा कोपराच रेषेत येत असला, तरी जलसंपदा विभागाशी पत्रव्यवहार होतो आणि त्याचे दिवस वेगळे धरावे लागतात.

पांडवलेणी केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटर निषिद्ध आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. नियंत्रित क्षेत्रात सक्षम अधिकाऱ्याने अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने 2 महिन्यांत अभिप्राय द्यायचा आणि त्यानंतर 1 महिन्यात निर्णय व्हायचा, अशी कायद्याची रचना आहे. म्हणजे सारे वेळेवर झाले तरी सुमारे साडेतीन महिने. देवळालीचे तोफखाना केंद्र, गांधीनगरचा हवाई तळ आणि ओझरचे विमानतळ यांच्या परिसरात उंचीचा आणि संरक्षण खात्याच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो. दहाव्या मजल्याची स्वप्ने सभेत दाखवण्याआधी तो सोडवून घ्यावा.

पर्यावरण मंजुरीचा हिशेब 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत आहे. परिपूर्ण अर्जानंतर तज्ज्ञ समितीने 60 दिवसांत छाननी करायची आणि शिफारशीनंतर राज्य प्राधिकरणाने 45 दिवसांत निर्णय द्यायचा, असे एकूण 105 दिवस होतात. येथेही समितीने अधिक माहिती मागितली की मोजणी लांबते. शिवाय ही प्राधिकरणे मुदत संपली की नव्याने नेमावी लागतात, आणि मध्ये खंड पडला तर राज्यभरातील फायली एकत्र साचतात.

खरा आकडा कसा मिळवावा

‘सध्या साधारण किती दिवस लागतात?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही टेबलावर विचारू नये. मिळणारे उत्तर शेवटच्या लक्षात राहिलेल्या फाइलीचे असते. आकडा नोंदींतून काढावा.

त्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करावा. शुल्क 10 रुपये आहे, उत्तराची मुदत 30 दिवस आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर व 150 शब्दांच्या आत असावा लागतो. नकाशे आणि मालकीचे कागद मागू नयेत. ती त्रयस्थाची माहिती ठरून अर्ज लांबण्याची शक्यता असते आणि आपल्याला त्यांची गरजही नसते. माहिती संकलित करून तक्ता बनवून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, त्यामुळे ‘सरासरी किती दिवस लागले’ असेही विचारू नये. मजकूर साधारण असा ठेवावा: ‘दि. 1 एप्रिल 2024 ते 30 जून 2024 या काळात दाखल झालेल्या बांधकाम परवानगी अर्जांच्या आवक नोंदवहीच्या किंवा ऑनलाइन नोंदीच्या प्रती द्याव्यात, ज्यांत अर्जाची तारीख, भूखंड क्षेत्र, त्रुटीपत्राची व उत्तराची तारीख, मागणीपत्राची तारीख आणि अंतिम निर्णयाची तारीख दिसेल. तसेच संबंधित नोंदींच्या अवलोकनाची परवानगी द्यावी.’

अवलोकनाचा उल्लेख वगळू नये. प्रतींच्या ढिगाऱ्यापेक्षा दोन तास नोंदवही समोर ठेवून बसणे अधिक उपयोगी असते. शासनाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात जाताना त्या परिपत्रकाची प्रत सोबत ठेवावी, कारण समोरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही.

नोंदी मिळाल्यावर कालावधी ठरवताना एक पथ्य पाळावे. ‘या तिमाहीत निर्णय झालेल्या’ फायली घेऊ नयेत, ‘त्या तिमाहीत दाखल झालेल्या’ फायली घ्याव्यात. निर्णय झालेल्याच फायली मोजल्या तर ज्या अजून पडून आहेत त्या हिशेबात येतच नाहीत आणि चित्र गुळगुळीत होते. दाखल झालेल्या 20 मोठ्या फायलींपैकी 14 मंजूर, 1 नामंजूर आणि 5 प्रलंबित असतील, तर त्या 5 फायलींचे आजवरचे दिवसही तक्त्यात लिहावेत. सरासरीही काढू नये. न्यायालयात अडकलेली एखादी फाइल 900 दिवसांची असली की सरासरी बिघडते. सर्व फायली दिवसांच्या चढत्या क्रमाने मांडून मधली पाहावी आणि तिच्यासोबत सर्वाधिक दिवस लागलेल्या वरच्या चौथ्या हिश्शाची पहिली फाइल, म्हणजे 20 पैकी 16 वी, पाहावी. मधली फाइल ‘बहुधा किती’ हे सांगते. वरच्या हिश्शाची फाइल ‘भाड्याची तजवीज किती काळाची ठेवावी’ हे सांगते, आणि सोसायटीला दुसरा आकडाच कामाचा असतो.

या बाबतीत इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे 10 किंवा अधिक घरांच्या अथवा 1,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रस्तावाला ‘मोठा’ अशी व्याख्याच आहे. निर्णयाची मुदत 13 आठवडे आहे, पर्यावरण अहवाल लागणारा प्रस्ताव असेल तर 16 आठवडे, आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने किती प्रस्ताव मुदतीत निकाली काढले हे सरकार दर तिमाहीला प्रसिद्ध करते. आपल्याकडे असे काही व्हावे असे मलाही वाटते. परंतु तेथेही अर्जदाराच्या संमतीने मुदत वाढवून घेतली तर तो निर्णय ‘मुदतीत’ धरला जातो. त्यामुळे टक्केवारी उत्तम दिसते आणि प्रत्यक्षात अर्जदार कितीतरी अधिक थांबलेला असू शकतो. आपल्या 60 दिवसांचेही नेमके हेच होते, फक्त मार्ग वेगळा आहे. म्हणून ‘मुदतीत किती’ हा आकडा कोणी पुढे केला तर ‘दिवस किती’ हे विचारावे.

दिवस उलटू लागल्यावर

पहिले त्रुटीपत्र आले की उत्तरासोबतच एक ओळ लिहून द्यावी: अन्य काही त्रुटी असल्यास त्या सर्व एकत्रित कळवाव्यात. या ओळीने कोणी बांधला जात नाही, पण दुसऱ्या त्रुटीपत्रात पहिल्या वेळीच दिसणारी बाब आली तर पुढील अपिलात ती ओळ उपयोगी पडते. प्रत्येक पत्राची तारखेसह पोच घ्यावी आणि तिची प्रत समितीच्या फाइलीत ठेवावी, विकसकाच्या नव्हे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयाने फलकावर लावायची असते. मुदत संपल्यावर 30 दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. समाधानकारक कारण नसेल तर 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम पाहून हसू येईल, परंतु पहिल्या अपिलाच्या सुनावणीची तारीख लागली की फाइल शोधली जाते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. प्रस्ताव नामंजूर झाला किंवा जाचक अटींवर मंजूर झाला तर मार्ग वेगळा आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम 47 प्रमाणे आदेश कळल्यापासून 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करावे लागते.

आता मानीव परवानगीविषयी. 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, हे खरे आहे. मात्र प्रस्ताव नियमावलीशी आणि विकास आराखड्याशी काटेकोर जुळणारा असला पाहिजे, आणि तसा नसताना केलेले बांधकाम अनधिकृत ठरते. लहान घराच्या बाबतीत एखादा धाडस करील. 60 कुटुंबांच्या इमारतीसाठी कोणीही मानीव परवानगीवर जुनी भिंत पाडू नये, कारण महारेराच्या नोंदणीला आणि बँकेच्या कर्जाला प्रत्यक्ष प्रमाणपत्र लागते. मानीव परवानगीचा दावा पत्रात लिहावा, कार्यालयाला उत्तर देणे भाग पडावे एवढ्यापुरता त्याचा उपयोग करावा.

राहिला विकसन करारनामा. त्यात ‘परवानगी मिळाल्यावर’ असे मोघम शब्द नसावेत, कारण नकाशा मंजुरी, सीसी आणि जोता तपासणीनंतरची पुढील परवानगी या तिन्हींना बोलताना परवानगीच म्हणतात. घरे रिकामी करण्याची नोटीस पहिल्या सीसीची प्रत आणि महारेरा नोंदणी क्रमांक समितीच्या हाती आल्यानंतरच देता येईल, असे स्पष्ट लिहावे. त्रुटीपत्राला उत्तर देण्यासाठी विकसकाला 15 दिवसांची मर्यादा घालावी आणि मागणीपत्राची रक्कम भरण्यासाठीही तशीच घालावी, म्हणजे उदाहरणातील 94 दिवसांवर कोणाचा तरी ताबा राहील. वेळापत्रकात कार्यालयाकडील दिवस म्हणून आपण तक्त्यातून काढलेला वरच्या हिश्शाचा आकडा धरावा. सीसी 1 वर्षासाठी असते आणि नूतनीकरण करत एकूण 4 वर्षांपर्यंत चालते, त्यामुळे नूतनीकरणाच्या तारखेच्या 2 महिने आधी समितीला लेखी कळवण्याची जबाबदारीही विकसकावर टाकावी.